ज्यांना आधीपासून ठाऊक होते : शिकागोतील एका कृष्णवर्णीय विवाहाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण वरवर पाहता एका पतीच्या तीस वर्षांपूर्वीच्या विवाहबाह्य संबंधाचे आहे. तो संबंध आणि त्यातून जन्मलेला मुलगा पतीच्या आईला, बहिणीला आणि दक्षिणेतल्या अर्ध्या नातेवाइकांना ठाऊक होता, फक्त पत्नीला नव्हता. आणि समुपदेशनाचा बहुतेक काळ या दुसऱ्या गोष्टीवरच खर्च झाला. कुटुंब-समुपदेशक म्हणून मी या जोडप्यासोबत काम केले. हे लेखन दोघांच्या संमतीने होत असून नावे बदललेली आहेत, तर ओळख पटवू शकतील असे तपशील वगळले किंवा बदलले आहेत. पतीला येथे वॉल्टर आणि पत्नीला डेलोरिस म्हटले आहे.

पार्श्वभूमी

वॉल्टर आणि डेलोरिस यांचे लग्न १९८४ मध्ये शिकागोच्या दक्षिण भागात झाले. दोघांचीही मुळे मिसिसिपीत होती. साधारण १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय अमेरिकन दक्षिणेतली राज्ये सोडून उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे गेले, आणि मिसिसिपी डेल्टातून, म्हणजे त्या राज्याच्या वायव्येकडच्या सपाट शेतीप्रदेशातून, निघालेल्यांना इलिनॉय सेंट्रल रेल्वे थेट शिकागोत आणून सोडत असे. वॉल्टरचे आईवडील १९५६ मध्ये याच वाटेने आले. १९८० च्या सुमारास दक्षिण शिकागोतील पोलाद कारखाने बंद पडू लागले तेव्हा वडिलांची नोकरी गेली आणि ते दोघे डेल्टातल्या आपल्या गावी परतले. त्यामुळे या कुटुंबाला कायम दोन घरे राहिली. नोकरी, शाळा आणि चर्च शिकागोत होते, तर आजी-आजोबा, पूर्वजांची दफनभूमी आणि मुलांची उन्हाळ्याची सुटी मिसिसिपीत. पुढचे सारे समजून घ्यायचे तर ही विभागणी लक्षात ठेवावी लागते, कारण एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरापासून तीस वर्षे दूर ठेवता आली ती तिच्यामुळेच.

वॉल्टर शहर बससेवेत चालक होता, पुढे पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाला आणि आपल्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये डीकन, म्हणजे मंडळीच्या कामकाजात पाद्रींना मदत करणारा पदाधिकारी, होता. डेलोरिस सरकारी शाळेत शिक्षिका होती. चर्चमधल्या प्रत्येक अंत्यविधीची छापील पत्रिका, म्हणजे मृताचे जीवनवृत्त आणि मागे राहिलेल्या आप्तांची यादी, तीच लिहून देत असे. त्यांना दोन मुली आणि एक मुलगा. सासरे वारल्यानंतर २०१२ मध्ये सासूबाई शिकागोला त्यांच्याकडे राहायला आल्या, आणि त्यांची औषधे, आंघोळ, डॉक्टरांच्या भेटी हे सगळे डेलोरिसच पाहत होती.

डेलोरिसच्या स्वतःच्या बालपणातही एक झाकलेली गोष्ट होती. तिला आजीने वाढवले. जिला ती थोरली बहीण समजत होती ती आपली आई आहे, हे तिला सोळाव्या वर्षी एका नातेवाईक बाईच्या तोंडून, तेही सहज बोलण्याच्या ओघात, कळले. नातलगांनी मूल आपल्या घरात वाढवण्याची ही रीत कृष्णवर्णीय कुटुंबांत जुनी आहे. गुलामगिरीत त्यांच्या विवाहांना कायद्याची मान्यता नव्हती, नवराबायको आणि मुले वेगवेगळ्या मालकांना विकली जात, आणि १८६५ नंतर मुक्त झालेली माणसे वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन आपली हरवलेली माणसे शोधत राहिली. अशा इतिहासात जो कोणी मूल पदराखाली घेतो त्याने वंश टिकवलेला असतो, आणि रटगर्स विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ नॅन्सी बॉइड-फ्रँकलिन यांनी या अनौपचारिक दत्तकाकडे कुटुंबाचे सामर्थ्य म्हणूनच पाहायला शिकवले आहे. मात्र मूल सांभाळणे आणि त्याच्यापासून सत्य लपवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्याच अभ्यासातून कळते. डेलोरिसला आजीबद्दल आयुष्यभर कृतज्ञता होती. सगळ्यांना जे माहीत आहे ते आपल्यालाच शेवटी कळावे, हे मात्र तिने कोणालाही माफ केलेले नव्हते.

प्रश्न कसा उभा राहिला

२०१८ च्या नाताळात धाकट्या मुलीने स्वतःसाठी वंशावळीची डीएनए चाचणी मागवली. गुलाम पूर्वजांचा माग कागदपत्रांतून काढणारे बहुतेक जण १८७० च्या जनगणनेपाशी अडतात, कारण पूर्वी गुलाम असलेल्या लोकांची नावे त्या जनगणनेत प्रथमच सरसकट नोंदवली गेली. त्यामागे जाण्यासाठी डीएनए हा एक मार्ग उरतो, म्हणून या चाचणीचे आकर्षण त्या समाजात मोठे आहे. मुलीला हवा होता आफ्रिकेतला धागा. फेब्रुवारी २०१९ मध्ये हाती आली ती सुमारे १,७५० सेंटिमॉर्गन (सामाईक डीएनए मोजण्याचे एकक) इतका सामाईक डीएनए असलेल्या, मिसिसिपीत राहणाऱ्या, तिशीतल्या एका पुरुषाची नोंद. सख्ख्या भावंडांत हा आकडा साधारण २,६०० च्या आसपास असतो. १,७५० हा सावत्र भाऊ, काका किंवा आजोबा यांच्याशी जुळणारा आकडा आहे, आणि त्या पुरुषाचे वय पाहता सावत्र भाऊ हाच अर्थ निघत होता.

मुलीने पहिला फोन आत्याला केला. आत्या गोंधळली नाही, आणि मुलीला उत्तर त्यातच मिळाले. “तुझ्या आईला यात ओढू नकोस,” एवढे सांगून आत्याने फोन ठेवला. मुलीने पाच आठवडे ही गोष्ट पोटात ठेवली. दरम्यान तिने त्या पुरुषाला पत्र लिहिले. त्याचे उत्तर सौम्य होते. वडील कोण हे त्याला बाराव्या वर्षापासून ठाऊक होते आणि त्याला काहीही मागायचे नव्हते. पण त्याच्या नवजात मुलीच्या रक्ततपासणीत सिकल सेल या आनुवंशिक रक्तविकाराचा गुणधर्म आढळल्याने त्याला वडिलांकडच्या घराण्याचा वैद्यकीय इतिहास हवा होता.

अखेर मुलीने आईला सांगितले आणि फोटो दाखवला. डेलोरिसने चेहरा ओळखला. कृष्णवर्णीय कुटुंबांत उन्हाळ्यातली कुटुंबमेळाव्याची परंपरा मोठी असते. दूरदूरचे नातलग एकत्र येतात आणि सगळे एकसारखे टी-शर्ट घालतात. १९९६ च्या मेळाव्याचे टी-शर्ट डेलोरिसनेच मागवले होते, आणि त्यात सासूबाईंनी सांगितल्यावरून ‘चुलत बहिणीच्या मुलासाठी’ एक लहान आकाराचा टी-शर्टही होता. त्या आठ वर्षांच्या मुलाला तिने स्वतःच्या हाताने जेवायला वाढले होते.

वॉल्टरने त्याच रात्री कबुली दिली. १९८७ मध्ये वडिलांना पक्षाघाताचा झटका आल्यावर तो वारंवार डेल्टात जात असे. तिथल्या एका स्त्रीशी आलेला संबंध वर्षभराच्या आत संपला. १९८८ मध्ये मुलगा झाला. वॉल्टर आईच्या हाती पैसे पाठवत राहिला, आणि आईने ती व्यवस्था अठरा वर्षे चोख सांभाळली.

पहिल्या सत्रात डेलोरिस म्हणाली, “त्याने मला एका वर्षी फसवले. बाकीच्यांनी दर उन्हाळ्यात फसवले. आणि त्यांतली एक बाई आज माझ्या घरात आहे, तिचे केस मी विंचरते.”

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय घटस्फोटाचा होता आणि तो खरा पर्याय होता. डेलोरिसला शिक्षिकेचे स्वतःचे निवृत्तिवेतन होते, मुले मोठी झालेली होती. इलिनॉयमध्ये २०१६ पासून घटस्फोटासाठी व्यभिचारासारखी कारणे सिद्ध करावी लागत नाहीत, मतभेद मिटण्यापलीकडे गेले आहेत एवढे पुरते. पण त्याची दुसरी बाजू अशी की न्यायालय दोष कोणाचा हे ठरवत नाही. संपत्तीच्या वाटणीत इतक्या जुन्या खर्चाचा हिशेबही मागता येत नाही. मिसिसिपीत आजही विवाहात तिसऱ्या व्यक्तीने ढवळाढवळ केल्याबद्दल नुकसानभरपाईचा दावा करता येतो, म्हणून थोरल्या मुलीने वकिलाकडे तीही चौकशी केली. परंतु मुदत केव्हाच उलटली होती आणि त्या स्त्रीला कोर्टात ओढण्याची डेलोरिसची इच्छाही नव्हती. तिला हवी असलेली गोष्ट, म्हणजे काय घडले याचा सगळ्यांसमोर उच्चार, कोणत्याही न्यायालयाकडून मिळणार नव्हती.

दुसरा पर्याय नणंदेने सुचवला : सासूबाई सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत, त्या असेपर्यंत विषय काढू नये. म्हणजे झाकली मूठ आणखी काही वर्षे तशीच ठेवायची, फक्त आता ती डेलोरिसने स्वतःच आवळून धरायची.

तिसरा मार्ग चर्चचा. पाद्रींनी दोघांना बोलावून, प्रार्थना करून, त्याच महिन्यात क्षमा करण्याचा आग्रह धरला, आणि वॉल्टरने मंडळीसमोर कबुली द्यावी असेही सुचवले. त्यांचा हेतू चांगला होता याबद्दल मला शंका नाही. पण येथे एक जुने ओझे आहे. जून २०१५ मध्ये साउथ कॅरोलिनातील चार्ल्सटनच्या इमॅन्युएल या कृष्णवर्णीय चर्चमध्ये एका गोऱ्या वंशद्वेष्ट्याने नऊ जणांना ठार केले, तेव्हा दोनच दिवसांनी न्यायालयात मृतांच्या काही नातलगांनी मारेकऱ्याला क्षमा केल्याचे सांगितले. त्यांच्या श्रद्धेपुढे देश नतमस्तक झाला. त्याच वेळी, कृष्णवर्णीय माणसांकडूनच इतक्या लवकर क्षमेची अपेक्षा का केली जाते, हा प्रश्नही त्या समाजातून विचारला गेला. डेलोरिसने तोच प्रश्न घरगुती पातळीवर विचारला. आपल्याला अजून रागवायलाही सवड मिळालेली नाही, असे ती म्हणाली. जाहीर कबुलीला तिने नकार दिला, कारण त्यात गुन्हा त्याचा असला तरी प्रदर्शन तिचे झाले असते.

चौथा पर्याय तिने निवडला : एकाच घरात वेगळ्या खोल्या, समुपदेशन, आणि लग्न टिकेलच असे कोणतेही वचन नाही. समुपदेशक समाजाबाहेरचा असावा ही तिची अट होती, कारण चर्चच्या वर्तुळात गोष्ट फिरायला वेळ लागत नाही. तरीही पहिल्या भेटीत तिने मला थेट विचारले की आमच्या लोकांबद्दल तुम्हाला काय माहीत आहे. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे अलाबामातील टस्किगीमध्ये सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांविना ठेवून त्यांचे निरीक्षण करण्यात आले. ज्या समाजाच्या स्मरणात हे आहे त्याचा संशय हा शहाणपणाचा भाग आहे. त्यामुळे एका ज्येष्ठ कृष्णवर्णीय सहकारी स्त्रीने या कामावर पर्यवेक्षण ठेवावे असे तिघांनी मिळून ठरवले.

काय केले गेले

कामाची चौकट गॉर्डन, बॉकम आणि स्नायडर यांच्या त्रिस्तरीय पद्धतीची होती : आधी आघात सावरणे, मग घडले ते का घडले याचा अर्थ लावणे, आणि शेवटी पुढे काय याचा निर्णय. पहिल्या तीन महिन्यांत विवाहाबद्दल कोणताही अंतिम निर्णय घ्यायचा नाही, असे ठरले. वॉल्टरने १९८७ पासूनचा कालक्रम स्वतःच्या हाताने लिहिला. त्यात भेटी, पैसे आणि खोटी कारणे होतीच, शिवाय कोणाला केव्हा कळले हा एक वेगळा रकाना डेलोरिसच्या मागणीवरून घातला गेला. तो रकाना त्याला सर्वांत जड गेला. आपण एक गोष्ट लपवली असे तो समजत होता. कागदावर अकरा माणसांची नावे आली. डीकनपदाचा राजीनामा त्याने वैयक्तिक कारण सांगून दिला. मे २०१९ मध्ये सासूबाई नणंदेकडे राहायला गेल्या.

त्या वर्षीच्या शरद ऋतूत सासूबाईंसोबत एक सत्र झाले. नणंदेचा विरोध होता, वॉल्टर कचरत होता, पण सासूबाईंची बुद्धी शाबूत होती आणि त्यांना वगळून अर्थ लावणे शक्य नव्हते. त्यांनी काहीही नाकारले नाही. तुला कळले असते तर तू नातवंडांना घेऊन गेली असतीस, असे त्यांनी सांगितले, आणि त्या मुलालाही उपाशी ठेवणे त्यांच्याने झाले नसते. पुढे त्या म्हणाल्या की डेल्टात आम्ही गप्प राहूनच जिवंत राहिलो. हे शब्द पोकळ नव्हते. १९५५ मध्ये शिकागोहून पाहुणा आलेल्या चौदा वर्षांच्या एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाचा गोऱ्यांकडून खून झाला तो त्याच परिसरात, आणि पुढच्याच वर्षी या बाईंनी गाव सोडले होते. गोऱ्या सत्तेपुढे तोंड बंद ठेवणे हे त्यांच्यासाठी मुलाबाळांचे रक्षण होते. तेच मौन त्यांनी पुढे सुनेविरुद्ध वापरले, आणि या दोहोंमधला फरक त्या दिवशी डेलोरिसने त्यांना शांतपणे सांगितला. तिने क्षमा केली नाही. मीही ती मागितली जाणार नाही याची काळजी घेतली. विस्कॉन्सिन विद्यापीठातील रॉबर्ट एनराइट यांच्या क्षमेवरील कामात क्षमा आणि समेट वेगळे मानले आहेत : क्षमा एकट्याने करता येते, समेटाला मात्र दुसऱ्याने विश्वासार्ह होणे लागते. सासूबाईंच्या बाबतीत समेटासाठी आयुष्य फार थोडे उरले होते, त्यामुळे घाई करण्याचा मोह सगळ्यांनाच होता.

मार्च २०२० मध्ये परिस्थितीने नवा निर्णय पुढे आणला. इलिनॉयमध्ये २१ मार्चपासून घरी राहण्याचा आदेश लागू झाला. एप्रिलच्या सुरुवातीला शिकागोतल्या कोविड मृत्यूंपैकी सुमारे ७० टक्के मृत्यू कृष्णवर्णीयांचे होते, जरी लोकसंख्येत त्यांचा वाटा ३० टक्क्यांच्या आसपास होता. नणंद वृद्धाश्रमात परिचारिका होती, म्हणजे सासूबाईंना तिच्या घरी ठेवणे धोक्याचे होते. त्यांना परत आणायचे का, हे ठरवणे डेलोरिसवर सोपवले गेले. तिने होकार दिला, पण एक अट घातली : शरीराची सगळी सेवा वॉल्टर करील.

या प्रकरणातला सर्वांत परिणामकारक बदल कोणत्याही सत्रात घडला नाही, तो या अटीतून घडला. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी वॉल्टर आईला आंघोळ घालायला, कपडे बदलायला, रात्री दोनदा उठायला शिकला. सात वर्षे पत्नीने काय केले हे त्याला तेव्हा कळले, आणि आईच्या मौनाची किंमत कोण देत होते हेही. त्याने पूर्वी अनेकदा माफी मागितली होती. दूरचित्र-सत्रांतून नंतर जी माफी आली तिच्यात त्याच्या हेतूंचे स्पष्टीकरण नव्हते, फक्त तिच्या झालेल्या नुकसानाची नेमकी नोंद होती.

मुलाची भेट लसीकरणानंतर, २०२१ च्या उन्हाळ्यात झाली. आधी आपण एकटीने त्याला भेटू, असे डेलोरिसने ठरवले. तो १९९६ च्या मेळाव्याबद्दल माफी मागू लागला तेव्हा तिने त्याला थांबवले. आठ वर्षांचा मुलगा त्यात कोणाचेही काही देणे लागत नव्हता.

ऑक्टोबर २०२१ मध्ये सासूबाई वारल्या. अंत्यविधीची पत्रिका नेहमीप्रमाणे डेलोरिसपुढे आली. मागे राहिलेल्यांच्या यादीत त्या नातवाचे नाव घालायचे का, आणि कोठे? नणंदेला ते नको होते, थोरल्या मुलीला ‘इतर आप्त’ या ओळीत चालणार होते. डेलोरिसने नातवंडांची नावे जन्मवर्षाच्या क्रमाने लिहिली आणि त्याचे नाव त्या क्रमात जिथे येते तिथे छापले. मंडळीत कुजबुज झाली. पाद्रींनी व्यासपीठावरून यादी जशी होती तशी वाचली.

निष्पत्ती

२०२३ मध्ये काम थांबले तेव्हा दोघे एकत्र राहत होते. वॉल्टरला आपण क्षमा केली आहे असे डेलोरिस म्हणते, आणि वर्षातून काही दिवस ती पुन्हा करावी लागते असेही सांगते. सासूबाईंबद्दल ती बोलत नाही. नणंदेला तिने क्षमा केलेली नाही, कारण नणंदेने आजवर आपले काही चुकले असे म्हटलेले नाही. कुटुंबमेळाव्याला ती जात नाही. वॉल्टर डीकनपदावर परतला नाही.

मालमत्तेचा प्रश्न मात्र धुमसत आहे. विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलाला मृत्युपत्र नसल्यास वडिलांचा वारसा नाकारणारा इलिनॉयचाच कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये, ट्रिंबल विरुद्ध गॉर्डन या खटल्यात, रद्दबातल ठरवला होता. आज पितृत्व सिद्ध असेल तर असा मुलगा वारस ठरतो. संदिग्धता नको म्हणून वॉल्टरने चारही मुलांची नावे घालून मृत्युपत्र केले. ते डेलोरिसला मान्य आहे, थोरल्या मुलीला नाही, आणि आईने इतक्या सहज मान्य केले याचा तिला वडिलांपेक्षा जास्त राग आहे.

वेगळे काय करता आले असते

धाकट्या मुलीचे पाच आठवडे समजण्यासारखे आहेत, पण त्या काळात न मागता तीही जाणत्यांच्या यादीत गेली, आणि आईच्या हिशेबात त्या अकरा नावांनंतर तिचे नाव बाराव्या स्थानी आले. अशी माहिती हाती येते तेव्हा मुलाने ती ज्याचे कृत्य आहे त्या पालकाकडे आधी न्यावी आणि ठरावीक मुदत द्यावी : एवढ्या दिवसांत तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगेन. त्यामुळे कबुली पतीकडून आली असती. पकडले जाणे आणि सांगणे यांतला फरक जोडीदाराच्या मनात वर्षानुवर्षे टिकतो.

पाद्रींना दूर ठेवण्याऐवजी त्यांच्याशी स्वतंत्र बोलणे आधी व्हायला हवे होते. त्यांनी अंत्यविधीत यादी वाचली ती बिचकत का होईना, पण वाचली; दोन वर्षे आधी हाच माणूस डेलोरिसच्या बाजूने उभा राहू शकला असता. चर्च हे या कुटुंबाचे निम्मे सामाजिक जीवन होते आणि तिथले दडपण तिने जवळजवळ एकटीने सोसले.

सासूबाईंचे सत्र एकच झाले. त्यांना परत आणल्यानंतरच्या दीड वर्षात दुसरे घेता आले असते, आणि डेलोरिसने तशी तयारी एकदा दाखवली होती. सेवेची नवी घडी मोडेल या भीतीने कोणी पुढाकार घेतला नाही. ती भीती अतिरंजित होती असे आज वाटते.

राहता राहिली मिसिसिपीतली ती स्त्री. १९८७ मध्ये ती तेवीस वर्षांची होती, तिने मूल एकटीने वाढवले, आणि सासूबाईंच्या अटींनुसार तीही तीस वर्षे गप्प राहिली. सगळ्या प्रक्रियेत तिचे म्हणणे कोणीही विचारले नाही. वॉल्टरने तिला पत्र लिहावे का, हा विषय अखेरच्या काही सत्रांत निघाला तेव्हा डेलोरिसने हरकत घेतली नाही; पत्र आधी आपल्याला वाचायला मिळावे, एवढेच तिने मागितले. काम थांबेपर्यंत वॉल्टरने ते लिहिले नव्हते.